कार्ब्युरेटर आणि त्याचें बारीक छिद्र



चालती मोटार वाटेंत अडली, कीं तिच्या मालकाला पहिला संशय येतो तो पेट्रोल संपल्याचा. तो फिटला म्हणजे दुसरा येतो. निदान ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत त्यांना तरी येतोच. ‘कार्ब्युरेटरमध्यें कचरा आला असेल,’ हें वाक्य आपल्याकडील दोनतीन पिढ्यांनीं रस्त्याच्या कडेला उभें राहून उच्चारलें आहे. नवी गाडी घेणाऱ्याला आतां तें उच्चारावें लागत नाहीं, कारण त्याच्या गाडींत कार्ब्युरेटरच नसतो. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे नवे कडक नियम आपल्या देशांत लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींनीं त्याला निरोप दिला. मोटारींतून तर तो त्याच्याहि वीस वर्षें आधींपासून जाऊं लागला होता. शंभराहून अधिक वर्षें ज्यानें जगाचीं वाहनें चालविलीं, त्याची हकीकत सांगण्याचें मीं आज योजिलें आहे. मी यंत्रज्ञ नव्हें. माझें आयुष्य शाळेंत इतिहास-भूगोल शिकविण्यांत गेलें. परंतु या वस्तूचा इतिहास मला पुष्कळ राजघराण्यांच्या इतिहासापेक्षां अधिक मनोरंजक वाटत आला आहे.

प्रथम तिचें काम पाहूं. पेट्रोल द्रव स्थितींत इंजिनाच्या उपयोगाचें नाहीं. त्याची वाफ व्हावी लागते आणि ती हवेशीं ठराविक प्रमाणांत मिसळावी लागते. एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास पंधरा किलोंना किंचित् कमी इतकी हवा लागते. हाच हिशेब मापांत मांडला तर एक लिटर पेट्रोलला सुमारें नऊ हजार लिटर हवा हवी. म्हणजे दोन मीटरांहून थोडी अधिक लांब, तितकीच रुंद व तितकीच उंच अशी कोठी भरेल इतकी. पेट्रोल अधिक झालें तर धूर काळा येतो, प्लग काजळतो आणि पैसा जातो; कमी झालें तर इंजिन तापतें, खोकतें आणि चढावर दम सोडतें. हें प्रमाण संभाळणारा जो मुनीम, तोच कार्ब्युरेटर.

जर्मनींतील मानहाइम येथील कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. त्या मोटारींत पेट्रोलसारखें हलकें तेल एका भांड्यांत ठेवून त्याच्या पृष्ठभागावरून हवा ओढून घेतली जाई, व ती जातांना वाफ बरोबर घेऊन जाई. युक्ति सोपी होती, पण तिच्यांत खोट होती. तेलाचा हलका अंश आधीं उडून जाई आणि जड अंश मागें राही. त्यामुळें प्रवासाच्या आरंभींचें मिश्रण निराळें व शेवटचें निराळें. शिवाय खडबडीत रस्त्यावर भांडें डचमळलें कीं सगळाच हिशेब चुके.

याच जातीच्या गाडींतून १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत बेंझची पत्नी बर्था ही आपल्या दोन मुलांना, ऑयगेन व रिचर्ड यांना, घेऊन नवऱ्याला न विचारतां माहेरीं निघाली. मानहाइमपासून फोर्झहाइमपर्यंतचें अंतर शंभर किलोमीटरांच्या वर. वाटेंत तेल संपलें तें तिनें वीसलोख गांवच्या औषधाच्या दुकानांतून विकत घेतलें. पुढें तेलाची नळी तुंबली. बर्थाबाईंनीं आपल्या टोपीची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. विजेच्या तारेचें आवरण झिजलें तेथें मोज्याचा बंद बांधला. मोटारींच्या इतिहासांत इंधनाची वाट साफ करून गाडी पुढें नेल्याची ही बहुधा पहिली प्रसिद्ध नोंद, आणि ती एका गृहिणीच्या नांवावर आहे. टोपीच्या पिनेची ही युक्ति नळीला चालली. पुढच्या काळांतल्या कार्ब्युरेटरला मात्र ती चालणार नव्हती. तें कां, हें ओघांत येईलच.

पृष्ठभागावरून वाफ ओढण्याऐवजीं तेलाचाच बारीक फवारा हवेंत उडवावा, ही कल्पना १८९३ सालीं दोन ठिकाणीं पक्क्या रूपांत आली. एक जागा जर्मनींतील कान्ष्टाट. तेथें गॉटलीब डाइमलरचा सहकारी विल्हेल्म मायबाख यानें फवारा मारणाऱ्या नळीचा कार्ब्युरेटर सिद्ध केला. हा मायबाख लहानपणींच पोरका झालेला, राउटलिंगेन येथील एका परोपकारी संस्थेनें वाढविलेला व शिकविलेला मुलगा. शिक्षकाच्या दृष्टीनें ही गोष्ट मला मोलाची वाटते. दुसरी जागा हंगेरींतील बुडापेस्ट. तेथें डोनाट बांकी व यानोश चोंका यांनीं त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत पेटंटासाठीं अर्ज केला. मायबाखचा त्यानंतर कांहीं महिन्यांनीं आला. हंगेरींत अशी आख्यायिका आहे कीं, फुलें विकणारी एक मुलगी नळींतून तोंडानें पाणी फुंकून फुलांवर तुषार उडवीत होती, तें पाहून ही कल्पना सुचली. आख्यायिकेचा खरेखोटेपणा राहूं द्या. आपल्याकडील परीटहि इस्त्री फिरविण्यापूर्वीं तोंडांत पाणी घेऊन कपड्यांवर असाच फवारा मारीत, तो आपल्यांतील वडीलधाऱ्यांनीं पाहिला आहे. जगाच्या पुस्तकांतून बहुतेक ठिकाणीं एकट्या मायबाखचें नांव आढळतें. मायबाखची थोरवी मान्य करूनहि या दोघां हंगेरियन गृहस्थांवर अन्याय झाला आहे, असें माझें मत आहे. डाइमलरच्या गाड्या खपल्या, म्हणून त्यांच्याबरोबर मायबाखचें नांवहि गांवोगांव गेलें.

फवारा उडतो कसा? इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यानें १७९७ सालींच दाखविलें होतें कीं, वाहता प्रवाह अरुंद गळ्यांतून जातांना त्याचा वेग वाढतो व तेथील दाब उतरतो. कार्ब्युरेटरमध्यें हवेच्या वाटेला असा गळा केलेला असतो आणि त्या गळ्यांत एका बारीक नळीचें तोंड उघडें असतें. दाब उतरला कीं नळींतून पेट्रोल आपोआप वर ओढलें जातें व त्याचे तुषार होतात. शेजारीं एक लहान वाटी असते; तिच्यांत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट. पेट्रोल ठराविक पातळीवर आलें कीं फ्लोट सुई वर ढकलून वाट बंद करतो. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकींतील चेंडूचा नळ याच घराण्यांतला. पेट्रोलच्या वाटेंत पितळेची एक लहानशी गुंडी बसविलेली असते, तिला जेट म्हणतात. तिच्या मधोमध छिद्र असतें. किती पेट्रोल जावयाचें तें हें छिद्र ठरवितें.

परंतु एक छिद्र सगळ्या वेळीं पुरेना. इंजिन जोरानें फिरूं लागलें कीं हवेपेक्षां पेट्रोल अधिक वेगानें वाढे आणि मिश्रण गरजेपेक्षां दाट होई. पुढील वीसपंचवीस वर्षांतील बहुतेक संशोधन या एका खोडीवर झालें आहे. फ्रान्समधील लिऑन शहरच्या बाव्हेरे यानें दोन जेटांची जोडी योजून एकाचा दोष दुसऱ्याकडून भरून काढला. तीच झेनिथ पद्धति. इंग्लंडमध्यें स्किनर नांवाच्या बंधूंनीं निराळा विचार केला. १९०४ च्या सुमारास थोरल्या हर्बर्ट स्किनरनें असा कार्ब्युरेटर बनविला कीं त्यांतील गळाच इंजिनाच्या मागणीप्रमाणें आपोआप लहानमोठा व्हावा, आणि त्याबरोबर निमुळती सुई जेटमधून वरखालीं होऊन छिद्राची मोकळी जागाहि बदलावी. हा गळा हलविण्यासाठीं त्यानें आरंभीं चामड्याचा भाता वापरला. स्किनरांचें घराणें जोड्यांच्या व्यापारांतलें, तेव्हां चामडें त्यांना परकें नव्हतें! पुढें भात्याच्या जागीं धातूचा दट्ट्या आला. १९१० सालीं ‘एस. यू.’ कंपनी निघाली आणि १९२६ सालीं ती मॉरिस मोटारींच्या मालकानें विकत घेतली. आपल्या ओळखीच्या अँबॅसडर गाडीच्या पूर्वीच्या नमुन्यांवर हाच एस. यू. कार्ब्युरेटर असे, कारण ती गाडी मॉरिसच्याच वंशांतली. मोटारसायकलींच्या बाबतींत अंमल चालला तो ‘ॲमल’चा. १९२७ सालीं तीन इंग्रज कारखाने एक होऊन ही कंपनी झाली व ट्रायम्फ, बी. एस. ए., नॉर्टन, रॉयल एन्फील्ड या सगळ्यांच्या इंजिनांवर तिचें नांव कोरलेलें दिसूं लागलें.

या छिद्रावर एकदां माणसांचे प्राण अवलंबून होते. १९४० सालीं इंग्लंडच्या आकाशांत विमानांचें युद्ध चाललें असतां ब्रिटिश स्पिटफायर व हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनांवर एस. यू. कार्ब्युरेटर होता, जर्मन मेसरश्मिट विमानांत पेट्रोल पंपानें सरळ सिलिंडरमध्यें सोडलें जाई. जर्मन वैमानिक संकटांत सांपडला कीं विमानाचें नाक एकदम खालीं करून सूर मारी. ब्रिटिश वैमानिकानें तसेंच केलें तर वाटींतील पेट्रोल वर उसळे, इंजिन क्षणभर उपाशी राही व लगेच पुढच्या क्षणीं पेट्रोलचा लोंढा येऊन गुदमरे. तेवढ्या वेळांत शत्रु निसटे, किंवा पाठीवर येई. फार्नबरो येथील सरकारी संशोधनसंस्थेंतील बीट्रिस शिलिंग या इंजिनियर बाईनें यावर इलाज काढला. पेट्रोलच्या वाटेंत बसविण्याची, मोजून छिद्र पाडलेली एक पितळी चकती! पूर्ण जोरांत इंजिनाला जेवढें पेट्रोल लागेल तेवढेंच त्या छिद्रांतून जाई, अधिक नाहीं. त्यामुळें लोंढा थांबला. १९४१ च्या मार्चपासून या चकत्या विमानांना बसविण्यांत आल्या. विमान कारखान्यांत न नेतां तळावरच हें काम होई आणि शिलिंगबाई स्वतः आपल्या मोटारसायकलवरून तळ हिंडत. त्या कांहीं साध्या चालक नव्हत्या. १९३४ सालीं ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या रस्त्यावर नॉर्टन मोटारसायकल तासाला शंभर मैलांवर पळवून त्यांनीं सुवर्णतारा मिळविला होता. रोग पुरा बरा झाला तो पुढें नव्या तऱ्हेचे कार्ब्युरेटर आले तेव्हां. पण मधला कठीण काळ या चकतीनें निभावला.

आपल्या देशांत या यंत्राचा संसार मोठा झाला तो स्वातंत्र्यानंतर. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया स्थापन झाली व बुलेट येथें होऊं लागली. म्हैसुरास जावा निघूं लागली, तिच्यावर चेकोस्लोव्हाकियाच्या जिकोव्ह जातीचा कार्ब्युरेटर. मुंबईंत कुर्ल्यास फियाट, जिची पुढें पद्मिनी झाली. मुंबईची टॅक्सी म्हणून ती ३० ऑक्टोबर २०२३ पासून दिसेनाशी झाली. या गाड्यांनीं आळीआळींत मिस्त्री निर्माण केले. त्यांतल्या बहुतेकांना व्हेंचुरीचें नांव ठाऊक नव्हतें, पण इंजिनाचा आवाज ऐकून मिश्रण पातळ आहे कीं दाट, हें ते बिनचूक सांगत. मीं पाहिलेले एक वृद्ध मिस्त्री कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वीं परातींत धुतलेला पांढरा कपडा अंथरीत आणि सुटा झालेला प्रत्येक भाग ज्या क्रमानें निघाला त्याच क्रमानें मांडीत. स्क्रू किती फेऱ्यांवर होता तें आधीं आटपून मोजीत, मग काढीत. शाळेंतल्या मुलांना मीं इतका नीटनेटकेपणा क्वचितच शिकवूं शकलों.

आज जुन्या गाड्या हौसेनें संभाळणारीं मंडळी वाढत आहेत, आणि म्हातारे मिस्त्री मात्र एकेक करून जात आहेत. म्हणून सफाईचे चार शब्द मुद्दाम सांगतों. जेटच्या छिद्रांत तार किंवा पिन कधीं घालूं नये. पितळ मऊ असतें. एक मिलिमीटरचें छिद्र ओरखडून मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शानें रुंदावलें, तर त्याचें क्षेत्रफळ दहा टक्क्यांहून अधिक वाढतें. गणित कोणाहि सातवींतल्या मुलाला करतां येईल. डोळ्यांना तें दिसत नाहीं, पण पेट्रोलला दिसतें. जेटवर आंकडा कोरलेला असतो. सोलेक्स व वेबर यांच्या जेटांवर तो छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो, तर ॲमलच्या जेटवर मिनिटाला किती घनसेंटिमीटर द्रव वाहतो तें सांगतो. तार घातलेल्या जेटवरचा आंकडा खोटा होतो, आणि पुढचा मिस्त्री त्या खोट्या आंकड्यावर विश्वास ठेवून दोष इतरत्र शोधीत बसतो. वाळून बसलेला राळेसारखा थर द्रावकांत भिजवून सैल करावा व उलट बाजूनें हवा मारून घालवावा. एस. यू. चा दट्ट्या व त्याची टोपी ही जोडी कारखान्यांत एकमेकांसाठीं जुळविलेली असते. दोन कार्ब्युरेटर एकदम उघडून त्यांच्या टोप्यांची अदलाबदल करणें म्हणजे दोन्ही बिघडविणें होय. त्यांतील सुई जेटच्या बरोबर मध्यावर आली आहे कीं नाहीं, हें दट्ट्या बोटानें उचलून सोडला असतां कळतें: खालीं टेकतांना त्यानें स्वच्छ ‘टक्’ असा आवाज दिला पाहिजे.

अलीकडे आणखी एक अडचण उभी राहिली आहे. २०२५ सालीं आपल्या देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोंचलें. त्यांतील पुष्कळसें आपल्याच ऊंसापासून होतें, आणि परदेशी तेलाचा खर्च वांचतो हें खरेंच आहे. त्या धोरणाविरुद्ध बोलण्याचा माझा हेतु नाहीं. पण जुना कार्ब्युरेटर या पाहुण्यासाठीं घडविलेला नव्हता. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें, जस्ताच्या ओतीव भागांवर पांढरी बुरशी चढवितें व जुनें रबर फुगवितें. फार जुन्या गाड्यांतील फ्लोट बुचाच्या लांकडाचे असून त्यांवर लाखेचा हात दिलेला असे. लाख मद्यार्कांत विरघळते, हें सुताराला सांगावयास नको. ती विरघळली कीं बूच पेट्रोल पितें, फ्लोट बुडतो आणि वाटी वाहूं लागते. शिवाय इथेनॉलला पेट्रोलपेक्षां कमी हवा लागते, म्हणून तेंच जेट ठेवल्यास मिश्रण पातळ पडतें. त्यावर उपाय छिद्र कोरण्याचा नव्हे. एक आंकडा वरचें नवें जेट बसवावें. इंग्लंडमधील सॉल्सबरीचा बर्लन कारखाना एस. यू., झेनिथ व ॲमल यांचे भाग बनवितो आणि इथेनॉलला दाद न देणारे फ्लोट व सुयाहि मिळतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टांकीचा नळ बंद करून इंजिन आपण होऊन थांबेपर्यंत चालूं द्यावें, आणि वाटींत उरलेलें पेट्रोल तळाच्या स्क्रूवाटे काढून टाकावें.