ट्रेलर नावाची प्ररोचना

संस्कृत नाट्यपरंपरेत प्ररोचना नावाचे एक अंग आहे. कवीची आणि प्रयोगाची प्रशंसा करून प्रेक्षकांचे मन नाटकाकडे वळवणे, हे तिचे कार्य. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत कालिदासाने या प्रसंगालाच वादाचे रूप दिले आहे. भास, सौमिल्ल, कविपुत्र असे ख्यातनाम नाटककार असताना या नव्या कवीचे नाटक कशासाठी, असा प्रश्न पारिपार्श्वक करतो. जाणते लोक परीक्षा करूनच निवड करतात, असे सूत्रधार सुनावतो. कर्त्याच्या नावावर विसंबावे की कृती पाहावी, हा प्रश्न इतका जुना आहे.

अ‍ॅक्शन थ्रिलरच्या बाबतीत तो आज उलट्या बाजूने उभा राहतो. दिग्दर्शक सिद्धहस्त, नट कसलेले. परंतु ट्रेलरमध्ये तेच स्फोट आणि तेच पाठलाग. मग नावावर विश्वास ठेवायचा की ट्रेलरवर? माझ्या मते ही दोन्ही प्रमाणे दुर्बळ आहेत, आणि चित्रपटाचा इतिहास त्याला साक्ष आहे.

पहिले उदाहरण विल्यम फ्रीडकिन यांच्या ‘सॉर्सरर’चे (1977). ‘द फ्रेंच कनेक्शन’ (1971) या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचे ऑस्कर आणि ‘द एक्झॉर्सिस्ट’ (1973) चे अफाट यश फ्रीडकिन यांच्या पाठीशी होते. चार परागंदा माणसे जराशा धक्क्याने उडेल अशी स्फोटके ट्रकमधून जंगलातून नेतात, हे कथानक. ते जॉर्ज आर्नो यांच्या कादंबरीचे. क्लूझो यांनी 1953 मध्ये त्यावर चित्रपट केलेलाच होता. मुसळधार पावसात झुलत्या दोरपुलावरून ट्रक नेण्याचा प्रसंग आजही श्वास रोखून धरायला लावतो. परंतु ‘एक्झॉर्सिस्ट’च्या कर्त्याचा ‘सॉर्सरर’, म्हणजे चेटक्या, म्हटल्यावर प्रेक्षकांनी भुताखेतांची अपेक्षा केली. प्रत्यक्षात ते एका ट्रकचे नाव होते! त्यातच महिनाभर आधी ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला होता. 2 कोटी डॉलरहून अधिक खर्चाच्या या चित्रपटाची तिकीटविक्री खर्चाच्या निम्म्यापर्यंतही पोहोचली नाही. 2013 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची नवसंस्कारित प्रत दाखवली गेली, आणि नंतरच्या पिढीने त्याला फ्रीडकिन यांच्या श्रेष्ठ कृतींत स्थान दिले. पूर्वग्रहाची किंमत किती, तर छत्तीस वर्षे.

नाव असे फसवते. ट्रेलरची फसवणूक निराळी. प्ररोचना नाटकाच्या प्रयोगातच सामावलेली असते. ट्रेलर मात्र बहुधा चित्रपटकर्त्याच्या हातचा नसतोच. 1919 मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेली नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही कंपनी पुढे कित्येक दशके हॉलिवुडच्या स्टुडिओंना ट्रेलर पुरवत होती. अल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’चा (1960) ट्रेलर हा अपवाद. त्यात ते स्वतः मोटेलमधून फिरवून आणतात. आणि शेवटी न्हाणीघरात किंचाळणारी स्त्री चित्रपटात तेथे असणारी जॅनेट ली नसून व्हेरा माइल्स आहे. म्हणजे खुद्द कर्त्याच्या हातचा ट्रेलरही चित्रपटाशी इमान राखीलच असे नाही.

याच प्रश्नावर आपल्याकडे न्यायालयीन निर्णयही झाला आहे. मनीष शर्मा दिग्दर्शित ‘फॅन’ (2016) या थ्रिलरच्या जाहिरातीत जे गाणे गाजवले, ते चित्रपटात नव्हतेच. महाराष्ट्रातील एका प्रेक्षकाने ग्राहक न्यायालयात दाद मागितली. राज्य आयोगाने 10,000 रुपये भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती कायम केली. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र हे निर्णय रद्द केले. ट्रेलर हा करारातला प्रस्ताव नव्हे, वचनही नव्हे. त्याचा हेतू उत्सुकता वाढवण्याचा, असा त्या निकालाचा आशय.

प्रेक्षकाच्या पदरी या निकालाने निराशा आली असेल. समीक्षेला मात्र त्यातून एक सूत्र मिळते. जे वचन नाही, ते पुरावाही होऊ शकत नाही. ट्रेलरची समीक्षा जरूर व्हावी, पण ती ट्रेलरची म्हणून. निर्मात्यांच्या मनात कोणता प्रेक्षक आहे, त्याला कशाची भूक आहे असे त्यांना वाटते, हे ट्रेलरइतके उघडपणे दुसरे काही सांगत नाही. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून कादंबरीवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण गुण देत नाही. चित्रपटाविषयी तरी वेगळा न्याय का लावावा?