वारसा आणि कर्तृत्व

श्रोतेहो, हिंजवडीत कंत्राटी कामगारांच्या एका बैठकीत एका तरुणाने आम्हांला विचारले, "मालकाचा मुलगा मालक होतो, यात त्याचे कर्तृत्व ते काय?" सवाल रोकडा होता. त्याचे उत्तर शोधायचे तर किर्लोस्कर घराण्याचा इतिहास चाळावा.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली व बेळगावी बंधू रामूअण्णांसह सायकलींच्या दुकानात लक्ष घातले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. त्यामुळे नांगराला गिऱ्हाईक मिळेना. तरी ते हटले नाहीत. 1910 मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचे माळरान दिले आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पुत्र शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून 1926 मध्ये परतले. वडिलांचा नांगर चालतोच आहे, असे म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. शेताला पाणी हवे, पंपाला इंजिन हवे, हे ओळखून 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीस त्यांनी ऑईल इंजिनांची कंपनी काढली. वारसाला भांडवल आयते मिळाले, हे खरे; पण पुढची गरज ओळखण्याची नजर कोणत्याही मृत्युपत्रात लिहून देता येत नाही.

पुढच्या पिढ्यांचे काय झाले? 2009 मध्ये कुटुंबात लेखी करार झाला. नंतर त्याच्या अर्थावरून भाऊबंदांचा वाद न्यायालयात गेला. दोष कोणाचा, हे न्यायालय पाहील. आमचे लक्ष दुसरीकडे आहे. ओतकाम करणारा, लेथ चालवणारा अशा कामगारांच्याही घरी आजा, बाप, नातू असे पिढ्यानपिढ्या कारखान्यात राबतात. कोणत्याही घराण्याची वाटणी होते, तेव्हा कामगार त्या दाव्यात पक्षकार नसतो. मात्र कामे लांबली की ओव्हरटाईम त्याचाच बुडतो.

म्हणून त्या तरुणाला आम्ही म्हणालो, "बाबा रे, मालकी वारशाने येते, तिची लायकी प्रत्येक पिढीने नव्याने सिद्ध करावी लागते. ती सिद्ध झाली की नाही, हे सांगायला कामगारालाही जागा हवी."

त्यावर तो हसून म्हणाला, "आणि युनियनच्या पुढाऱ्याचा मुलगा पुढारी होतो, त्याचे काय?"

तोच नियम, मित्रहो. आम्हांलाही तोच लागू.