‘कॉस्मेटिक’ या शब्दाचा हिशेब

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं शब्दांना अडतो. आज आपण ‘कॉस्मेटिक’ या शब्दाला अडू. दिसण्यापुरतं, केलं नाही तरी चालेल, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. कर्करोगामुळे स्तन काढला, नवा घडवला, तरी दोन बाजूंत फरक राहिला. तो दूर करणारी शस्त्रक्रिया ‘नाही केली तरी चालेल’ यात बसते का?

जर्मनीत हायडेलबर्गच्या विन्सेंझ चेर्नी या शल्यविशारदांनी १८९५ साली एक हकिकत प्रसिद्ध केली. रंगमंचावर वावरणाऱ्या एका स्त्रीच्या स्तनातली गाठ काढायची होती; ती कर्करोगाची नव्हती. पण काढल्यावर ती बाजू लहान दिसणार. तिच्या कमरेजवळ चरबीची एक निरुपद्रवी गाठ होती. चेर्नींनी तीच काढून स्तनाच्या जागी बसवली. हेतू हा की, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात. म्हणजे बघा, स्तनपुनर्रचनेच्या इतिहासाचं पहिलं पानच या काळजीनं लिहिलेलं आहे.

पण वैद्यकाचा मुख्य प्रवाह दुसरीकडे गेला. अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम हॉल्स्टेड स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही काढत. १८९४ मध्ये त्यांनी पन्नास रुग्णांचा अनुभव मांडला आणि पुढे कित्येक दशकं तीच पद्धत प्रमाण ठरली. आपण त्यांना घाईनं दोष देऊ नये. रोग बराच वाढल्यावर बायका येत. जीव वाचवणं हीच चिंता. रूपाचा प्रश्न मागे पडला.

तो परत आला तो १९६२ मध्ये ह्यूस्टनला सिलिकॉनचं रोपण झाल्यानंतर, आणि १९८२ मध्ये कार्ल हार्टरॅम्फ यांनी पोटाची त्वचा व चरबी वापरून स्तन घडवण्याची पद्धत मांडल्यावर. पण नवी अडचण आली. रोपण आहे तसं राहतं, दुसरा स्तन वयानुसार ओघळतो. मग निरोगी बाजू उचलायची, किंवा लहान करायची. विमावाले विचारणार, तिथे रोग कुठे आहे? १९९८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला : स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनेनं पुनर्रचनेचा, आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसऱ्या स्तनावरील शस्त्रक्रियेचाही खर्च दिला पाहिजे.

मात्र दुसरी बाजूही ऐका. ऑड्री लॉर्ड या कवयित्रीनं १९८०च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये कृत्रिम स्तन लावायला नकार दिल्याचं लिहिलं आहे. तो न लावता ती डॉक्टरांकडे गेली, तर तिथल्या परिचारिकेनंच तिला टोकलं. म्हणजे तो फरक तिला नव्हे, बघणाऱ्यांना खुपत होता!

तेव्हा कायद्यानं सक्ती दिलेली नाही, दार उघडं ठेवलं आहे. आत जायचं की नाही, ते तिनं ठरवायचं. आपल्या घरात साठीची बाई म्हणते, ‘ब्लाउज एका बाजूनं नीट बसत नाही’, आणि आपण पटकन म्हणतो, ‘आता या वयात कशाला?’ तो निकाल द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, एवढं आज घरी जाताना स्वतःला विचारू या.