बरबड्याची भाकरी

फराळाचे ताट पुढे असताना दुष्काळाची गोष्ट काढू नये, हे आम्हांस कळते. परंतु ज्वारीचे कोठार म्हणून मिरवणाऱ्या सोलापूरच्या पोटाचा इतिहास सांगायचा, तर बरबड्याचे नाव टाळून चालत नाही.

बरबडा हे काळ्या रानात आपोआप उगवणारे तण. निळीच्या कुळातले, इवल्याशा शेंगांचे. सुकाळात खुरपणारी सून ते उपटून बांधावर फेकते. दुष्काळात तिची सासू त्याच शेंगा झोडते, बी पाखडते, दळते आणि भाकरी थापते.

१८७६ साली पावसाने दगा दिला आणि सोलापूर जिल्हा होरपळला. आष्टीच्या तलावाचे काम दुष्काळी काम म्हणूनच निघाले. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी उतरली : धट्ट्याकट्ट्या गड्याला दिवसाला एक पौंड, म्हणजे जुन्या मापाने जेमतेम अर्धा शेर धान्याचे मोल, आणि वर किरकोळ पैसा. दख्खनमध्ये हजारो मजूर कामे सोडून गेले. त्यांचे गाऱ्हाणे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारपुढे मांडले.

धान्य नाही तेव्हा रान. शाळूची पेर भाद्रपद-आश्विनात, कापणी माघ-फाल्गुनात; तांदुळजा, घोळ, टाकळा मात्र पाऊस पडताच पंधरा-वीस दिवसांत खुडायला येतात. कुर्डूचा पाला कोवळा असतानाच घ्यावा, कडवट पाला उकळून पाणी ओतून द्यावे, ही विद्या कोणत्या शाळेत शिकवली जात होती? ती चुलीपाशीच राहिली. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. नुसत्या पाल्यावर माणूस जगत नाही, पोट बिघडते. आणि पाऊसच नसेल तर तणही उगवत नाही.

ही विद्या कागदावर आणली ती एका गोमंतकीयाने. डॉ. जुझे कामिल लिस्बोआ हे ग्रँट मेडिकल कॉलेजात भाऊ दाजी लाड यांचे सहाध्यायी. १८८६ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा वनस्पतींचा खंड निघाला. त्यात उपयुक्त वनस्पतींबरोबर दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींचीही नोंद त्यांनी केली. लॅटिन नावांशेजारी देशी नावे आहेत. ती ज्यांच्या तोंडची, त्या बायकांची नावे मात्र नाहीत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी कोठारे उघडली ती कथा कीर्तनात रंगते. रान उघडणाऱ्यांचे कीर्तन अजून कोणी लावलेले नाही!

१९७२ साली पुन्हा तीच पाळी आली. खडी फोडण्याची कामे निघाली, सुकडी वाटली गेली, परदेशची लाल मिलो रेशनवर आली. मिलोची भाकरी धड थापता येईना म्हणून बायका कुरकुरल्या. आणि ज्या घरांत म्हाताऱ्यांना अजून ओळख होती, त्या घरांत बरबडा दळला गेला. त्या भाकरीची चव विचारली, तर त्या पिढीतली माणसे तोंड वाकडे करतात आणि मग सुनेला सांगतात, "ताटात भाकरी टाकू नकोस."