पडद्यामागचा ‘बाहुबली’ : शरद केळकर

‘बाहुबली : द बिगिनिंग’ हा तेलुगू चित्रपट १० जुलै २०१५ रोजी हिंदीतही प्रदर्शित झाला. पडद्यावर प्रभास होता. मात्र हिंदी प्रेक्षकांच्या कानी पडलेला धीरगंभीर आवाज एका मराठी अभिनेत्याचा होता. त्याचे नाव शरद केळकर. एकेकाळी बोलताना अडखळणाऱ्या या कलावंताची आज सर्वात मोठी ओळख त्याचा आवाजच आहे.

केळकर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९७६ रोजी ग्वाल्हेर येथे झाला. शिंदे संस्थानामुळे या शहरात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. लहानपणापासून आपण तोतरे बोलत होतो, हे केळकर यांनी मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितले आहे. संवादफेक हेच ज्या व्यवसायाचे भांडवल, त्यात पाऊल टाकणाऱ्या तरुणासाठी ही अडचण लहान नव्हती. सततच्या सरावाने त्यांनी तिच्यावर मात केली.

दूरदर्शनवरील ‘आक्रोश’ या मालिकेपासून त्यांच्या छोट्या पडद्यावरील वाटचालीस प्रारंभ झाला. २००५ मध्ये झी टीव्हीवर सुरू झालेल्या ‘सात फेरे’मधील नाहरसिंगच्या भूमिकेने ते घरोघरी पोहोचले. निशिकांत कामत दिग्दर्शित ‘लय भारी’ (२०१४) या मराठी चित्रपटात त्यांनी संग्राम हा खलनायक रंगवला. ‘लक्ष्मी’ (२०२०) या हिंदी चित्रपटातील तृतीयपंथी व्यक्तिरेखेचेही कौतुक झाले.

अभिनयाच्या जोडीने ध्वनिमुद्रणाचे काम चालूच होते. डबिंग म्हणजे केवळ भाषांतरित संवाद वाचणे नव्हे. पडद्यावरील ओठांची उघडझाप, श्वास आणि देहबोली यांच्याशी नव्या भाषेतील वाक्य जुळवावे लागते. प, ब, म यांसारख्या ओष्ठ्य वर्णांच्या वेळी ओठ मिटलेले दिसतात, त्यामुळे तेथील चूक चटकन लक्षात येते. वाक्य केव्हा सुरू व्हावे आणि केव्हा संपावे, हे चित्र आधीच ठरवून देते. ‘बाहुबली’मध्ये प्रभासच्या अमरेंद्र व महेंद्र या पिता-पुत्रांच्या दोन्ही भूमिकांना केळकर यांनीच आवाज दिला. २८ एप्रिल २०१७ रोजी आलेल्या दुसऱ्या भागाच्या हिंदी आवृत्तीने देशात ५०० कोटी रुपयांहून अधिक निव्वळ उत्पन्न मिळवले.

इटलीमध्ये परदेशी चित्रपट डब करूनच दाखवण्याची परंपरा असून, तेथे आवाज देणाऱ्यांना स्वतंत्र प्रतिष्ठा आहे. ऑस्करसाठी नामांकन मिळवणारे अभिनेते जानकार्लो जान्निनी हे अल पचिनो यांचा इटालियन आवाज म्हणूनही ओळखले जातात. आपल्याकडे मात्र हा कलावंत बहुधा अज्ञातच राहतो. केळकर त्यास अपवाद ठरले, कारण त्यांचा चेहराही प्रेक्षकांना परिचित होता.

ओम राऊत दिग्दर्शित ‘तान्हाजी’ (२०२०) या चित्रपटात त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका साकारली. चित्रपटाच्या प्रसिद्धीच्या वेळी महाराजांचा उल्लेख नुसत्या नावाने होताच त्यांनी ‘छत्रपती शिवाजी महाराज’ असे म्हणत तो दुरुस्त केला. या प्रसंगाची चित्रफीत महाराष्ट्रात सर्वदूर पाहिली गेली. ‘हर हर महादेव’ (२०२२) या मराठी चित्रपटात ते बाजीप्रभू देशपांडे झाले.

‘द लिजंड ऑफ हनुमान’ (२०२१) या अॅनिमेशन मालिकेतील रावण आणि ‘आदिपुरुष’ (२०२३) या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतील राघव, अशा परस्परविरोधी व्यक्तिरेखांनाही त्यांचाच आवाज लाभला. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना ही वाटचाल निश्चितच दिलासा देणारी आहे.