डिस्क एकीकडे, कार्ड दुसरीकडे: जुन्या पीसीतली हार्ड डिस्क ओळखताना

आज एखाद्या जुन्या पीसीचं झाकण उघडूया. साधारण 1983 ते 1990 या काळातला. आत विटेसारखी जड हार्ड डिस्क दिसते आणि पहिलाच प्रश्न येतो: ही कुठल्या जातीची?

बहुतेक जण केबलच्या तारा मोजतात. मोजाच. 40 तारांची एकच पट्टी असेल तर आयडीई, 50 तारांची असेल तर स्कझी. इथवर सोपं आहे. पण 34 आणि 20 तारांच्या दोन पट्ट्या दिसल्या की घोटाळा होतो, कारण एमएफएम, आरएलएल आणि ईएसडीआय या तिघींना याच दोन पट्ट्या लागतात. (फ्लॉपीची पट्टीही 34 तारांचीच, तिच्यातही पीळ असतो, फक्त वेगळ्या तारांना. अदलाबदल करू नका.)

असं का झालं? 1980 साली शुगार्ट टेक्नॉलॉजीने, म्हणजे पुढे जी सीगेट झाली त्या कंपनीने, एसटी-506 ही 5 एमबीची डिस्क आणली. 34 तारांतून हुकूम जायचे, 20 तारांतून डेटा. तिच्याच वळणाची 10 एमबीची एसटी-412 आयबीएमच्या पीसी एक्सटीत 1983 मध्ये आली, आणि मग इतरांनीही ती जोडणी उचलली. पण या डिस्कला स्वतःची अक्कल फारशी नव्हती बरं का! तबकड्या फिरवायच्या, हेड सरकवायचं आणि हेडला जाणवलेले ठोके तसेच पुढे पाठवायचे. त्या ठोक्यांमधून बिट काढणं, सेक्टर ओळखणं, हे सगळं कंट्रोलर कार्ड करायचं. ईएसडीआयमध्ये ठोके वाचायचं काम डिस्ककडे आलं, आणि आयडीईत तर जवळजवळ सगळा कंट्रोलरच डिस्कवर येऊन बसला.

आता सीगेटची एसटी-225 आणि एसटी-238आर शेजारी ठेवा. दोन्हीत 615 सिलिंडर, 4 हेड. पण एमएफएम पद्धतीने एका ट्रॅकवर 17 सेक्टर बसतात, आरएलएलने 26. म्हणून पहिली 20 एमबीची, दुसरी 30 ची. लेबलवरचा तो 'आर' आरएलएलचा. 'एन' असेल तर स्कझी, 'ए' असेल तर आयडीई.

मग लेबल वाचलं की झालं? नाही ना. तेव्हा बरेच लोक साध्या 225 लाच आरएलएल कार्ड जोडून वरचे 10 एमबी पदरात पाडून घ्यायचे. चालली तर चालली. अशा डिस्कचं लेबल एमएफएम म्हणतं, आतला मजकूर मात्र आरएलएल. खरं काय ते कार्डच सांगणार. एवढंच नव्हे, दोन कंपन्यांची एमएफएम कार्डंसुद्धा सेक्टरचे मथळे वेगवेगळ्या तऱ्हेने लिहायची. त्यामुळे दुसरं कार्ड लावलं की चांगली डिस्कही कोरी किंवा बिघडलेली वाटते, आणि माणूस वैतागून लो-लेव्हल फॉरमॅट मारतो. तिथे सगळं संपलं.

म्हणून डिस्क काढलीत तर तिचं कार्डही काढा, दोन्हीवर एकच चिठ्ठी चिकटवा. 1984 च्या पीसी एटीसारखं मशीन असेल तर बायोसमधला टाइप नंबरही टिपून ठेवा. आपल्या 615 सिलिंडर, 4 हेडवालीचा आयबीएमच्या यादीत टाइप 2. बॅटरी संपली की मशीन तो विसरतं, पण त्याने डिस्कवरचं काही जात नाही. नंबर परत भरायचा, सुरू करायचं.