वयोगटांचे रकाने आणि पिढ्यांचा इतिहास : राष्ट्रीय दंतारोग्य पाहण्यांचे एक वाचन

प्रास्ताविक

भारतीय दंत परिषदेने 2002-03 मध्ये राष्ट्रीय मुखारोग्य पाहणी केली. तिचा अहवाल 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक कोष्टक सार्वजनिक आरोग्यावरील लेखनात वारंवार उद्धृत होते. दंतक्षयाचे प्रमाण 5 वर्षे वयाच्या मुलांत 51.9 टक्के, 12 व्या वर्षी 53.8, 15 व्या वर्षी 63.1, 35 ते 44 या वयोगटात 80.2 आणि 65 ते 74 या वयोगटात 85 टक्के. यापुढे बहुधा एकच वाक्य येते : वय वाढते तसा दंतक्षय वाढतो.

हे वाक्य खोटे नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते अपुरे वाटते. त्या वर्षी सत्तरीत असलेला माणूस आणि बारा वर्षांचा मुलगा ही एकाच आयुष्याची दोन टोके नव्हेत. पहिला 1930 च्या आसपास, पारतंत्र्यात जन्मला. दुसरा 1990 च्या सुमारास, खुल्या अर्थव्यवस्थेच्या उंबरठ्यावर. कोष्टक डावीकडून उजवीकडे वाचताना आपण नकळत एकच माणूस म्हातारा होताना पाहतो. प्रत्यक्षात त्या रकान्यांत वेगवेगळ्या पिढ्या बसलेल्या असतात. हा भेद केवळ तात्त्विक नाही, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

वयोगटांची निवड

5, 12, 15, 35-44 आणि 65-74 हे पाच गट भारतीय पाहणीने स्वतः घडविलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने दंतपाहण्यांच्या मूलभूत पद्धतींची पुस्तिका प्रथम 1971 मध्ये काढली. तिच्या पुढील आवृत्त्यांतून हे वयोगट जगभर रूढ झाले. त्यांमागे शरीरशास्त्र आहे, तशीच प्रशासनाची सोयही आहे. बाराव्या वर्षापर्यंत अक्कलदाढा वगळता बहुतेक कायमचे दात आलेले असतात, हे एक कारण. या वयानंतर अनेक देशांत मुले शाळेतून गळू लागतात आणि मग ती पाहणाऱ्याच्या हाती लागत नाहीत, हे दुसरे. दुसरे कारण मला अधिक बोलके वाटते. शाळेची हजेरीपटाची वही आरोग्याच्या इतिहासाचे साधन कशी बनते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मोजमापाची पद्धत त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील हेगर्सटाउन या गावातील शाळकरी मुलांच्या तपासणीवरून क्लाइन आणि पामर यांनी 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात ती मांडली. किडलेले, किडीमुळे गमावलेले आणि भरलेले अशा सर्व कायमच्या दातांची त्यात बेरीज केली जाते. ही बेरीज व्यक्तीच्या आयुष्यात वाढेल किंवा स्थिर राहील, पण कमी होणार नाही. म्हणजे दात हे एक प्रकारचे दप्तर आहे, आणि त्यात झालेली नोंद खोडता येत नाही.

ब्रिटनमधील पुरावा

पिढी आणि वय यांचा गुंता एका पाहणीतून सुटत नाही; त्यासाठी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा पाहावे लागते. ब्रिटनने हे केले. प्रौढांची पहिली पाहणी 1968 मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये झाली. पुढे 1978, 1988, 1998 आणि 2009 मध्ये ती होत राहिली. (क्षेत्र प्रत्येक वेळी तंतोतंत तेच नव्हते. 2009 मध्ये स्कॉटलंड बाहेर राहिले.) 1968 मध्ये 16 वर्षांवरील 37 टक्के लोकांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नव्हता. वयोगटांनुसार पाहता 25-34 या गटात हे प्रमाण 7 टक्के, 35-44 मध्ये 22, 45-54 मध्ये 41, 55-64 मध्ये 64 आणि 65-74 मध्ये 79 टक्के होते.

त्या वर्षी कोणी हे आकडे एका आयुष्याचा आलेख म्हणून वाचले असते, तर त्याने असे भाकीत केले असते की आज तिशीत असलेल्यांपैकी पाचात चार जण सत्तरीत दंतहीन असतील. भाकीत पडताळण्याची संधी 2009 ने दिली. 1968 मधील 25-34 हा गट तोवर जवळजवळ नेमका 65-74 या रकान्यात पोहोचला होता, आणि त्यात दंतहीनांचे प्रमाण होते सुमारे 15 टक्के. मधल्या काळात मृत्यूने केलेली निवड हिशेबात धरली तरी 79 आणि 15 यांतील दरी तिने भरून निघत नाही. एकूण प्रौढांतील प्रमाणही तोवर 6 टक्क्यांवर आले होते.

तेव्हा 1968 चे 79 टक्के हा वार्धक्याचा परिणाम नव्हता. तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा ऐवज होता. 1900 च्या सुमारास विल्यम हंटर यांनी मुखातील पू-दोष हे अनेक रोगांचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले. पुढील काही दशके दात सरसकट उपटून टाकणे हा शास्त्रसंमत उपाय मानला गेला. गरिबाला वारंवार दात भरून घेण्यापेक्षा एकदाच कवळी बसविणे परवडत असे. 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा कवळ्यांची मागणी इतकी उसळली की 1951 मध्ये त्यांवर शुल्क लावावे लागले, आणि त्याच वादात अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. 1970 च्या दशकात फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घरोघरी पोहोचली, तिचा लाभ त्यानंतरच्या पिढ्यांना झाला. म्हाताऱ्यांची रिकामी तोंडे ही अशा प्रकारे त्यांच्या तारुण्यातील वैद्यकाची आणि अर्थव्यवस्थेची साक्ष होती.

भारतीय कोष्टकाकडे पुन्हा

या प्रकाशात 2002-03 चे आकडे पाहता काही गोष्टी खटकतात. 51.9 वरून 53.8 ही पहिली पायरी मुळात पायरीच नव्हे. पाच वर्षांच्या मुलाचे मोजले ते दुधाचे दात, बारा वर्षांच्या मुलाचे मोजले ते कायमचे. दोन्ही संख्या खऱ्या, पण एकीतून दुसरी निघत नाही.

हिरड्यांच्या विकारांचे कोष्टक तर अधिकच उद्बोधक आहे. 12 व्या वर्षी 57 टक्के, 15 व्या वर्षी 67.7, 35-44 मध्ये 89.6, आणि 65-74 मध्ये 79.9. म्हातारपणी हिरड्या सुधारतात काय? या मोजणीत तोंडाचे सहा भाग कल्पिले जातात आणि ज्या भागात उपयोगाचे निदान दोन दात उरलेले नाहीत तो भाग वगळला जातो. दात गेला की हिरडीचा विकारही नोंदीतून जातो. रोगाने आपला पुरावा नाहीसा केला आणि कोष्टकात तो सुधारणा म्हणून उमटला, असा याचा अर्थ संभवतो. अभिलेखागारात काम करणाऱ्यास हे अनोळखी नाही. जळालेल्या दप्तरातील तंटे मोजता येत नाहीत.

वयाचाही प्रश्न आहे. जन्मनोंद नसलेल्या पिढीचे वय आपल्याकडे घटनांवरून काढले जाते. महाराष्ट्रात पानशेत फुटले तेव्हा (1961) किंवा कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (1967) थोरला मुलगा केवढा होता, असे विचारावे लागते. जनगणनेत वये साठ, पासष्ट, सत्तर अशा गोल आकड्यांवर गोळा होतात, हे सर्वज्ञात आहे. 65 ते 74 ही चौकट त्यामुळे दिसते तितकी काटेकोर असेलच असे नाही.

ब्रिटनच्या मालिकेत पिढ्यागणिक सुधारणा दिसते म्हणून आपल्याकडेही तीच दिशा गृहीत धरणे धोक्याचे आहे. 1930 च्या दशकात जन्मलेल्या भारतीय शेतमजुराच्या बालपणी साखर ही रोजची वस्तू नव्हती. 1990 च्या मुलाच्या हाती बिस्किटाचा पुडा सहज आला. मिश्री आणि तंबाखू यांनी जुन्या पिढीचे केलेले नुकसान वेगळे, नव्या आहाराने केलेले वेगळे. म्हणजे भारतात तरुण पिढी आपल्या आजोबांपेक्षा अधिक किडके दात घेऊन म्हातारी होणेही शक्य आहे, आणि एकट्या 2002-03 च्या कोष्टकातून ते होय की नाही हे ठरत नाही. धोरण मात्र यावरच अवलंबून आहे : कवळ्यांची सोय आधी करावी, की शाळेच्या दारातील गोड खाऊचा विचार आधी करावा?

2002-03 मध्ये तपासलेली बारा वर्षांची मुले 2025-26 च्या सुमारास 35-44 या रकान्यात शिरली. त्या वेळच्या 35-44 च्या रकान्यात 80.2 हा आकडा आहे. त्याच वयोगटांनी आणि त्याच मोजमापाने आज या मुलांची तोंडे पाहिली, तर त्या आकड्याशेजारी त्यांचा आकडा ठेवता येईल.